इथिओपियात इंग्रजी शिकवायला जाताय? आधी घड्याळातून सहा तास वजा करा

रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी दारातून डोकावून सांगितलं, "उद्या तीन वाजता मीटिंग." मी दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेतीनला इस्त्रीची साडी नेसून, हातात वही घेऊन हजर. शिपाई खोलीला कुलूप लावत होता. मीटिंग सकाळी नऊलाच उरकली होती आणि मी नसल्यामुळे कुणालाही नको असलेले चार वर्ग माझ्या नावावर पडले होते.

इथिओपियात दिवस सूर्य उगवला की सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन, नऊ म्हणजे तीन. संध्याकाळी सातला रात्रीचा एक वाजतो. आपल्या आजीला हे पटकन समजलं असतं. पंचांगातही दिवस सूर्योदयापासूनच धरतात. घोटाळा होतो तो माणसांच्या सौजन्याने. परदेशी माणूस समोर असला की काही जण मनातल्या मनात हिशोब करून आपल्या पद्धतीची वेळ सांगतात, काही जण त्यांची सांगतात, आणि कोण काय सांगतंय हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून वेळ ऐकली की लगेच विचारायचं : "हबेशा की फरंज?" हबेशा म्हणजे ते, फरंज म्हणजे परदेशी, अर्थात आपण. सहा वर्षांत हा प्रश्न मी किती वेळा विचारला असेल, देव जाणे. तोंडी परीक्षेची वेळ लावताना तर दोन्ही वेळा फळ्यावर लिहायची.

मी उदगीरची. पीएचडी झाली २०१० साली. त्याच्या आधी आणि नंतर मिळून सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. ज्यांनी ते केलंय त्यांना पुढचं सांगायला नको आणि ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. २०११ च्या सप्टेंबरात इथिओपियाला गेले, २०१७ च्या जुलैत परत आले. उत्तरेकडच्या अम्हारा प्रदेशातलं विद्यापीठ होतं. नाव सांगत नाही, कारण पुढे थोड्या कुरबुरीही येणार आहेत. माझ्या आधी आपल्याकडचे कितीतरी लोक तिकडे जाऊन आले होते. सम्राट हैले सेलासींच्या काळापासून तिथल्या शाळांमधून भारतीय शिक्षक होते. बसमध्ये शेजारी बसलेला साठीचा गृहस्थ "तुम्ही इंडियन? माझे गणिताचे मास्तर इंडियन होते" असं म्हणून तुमच्या तिकिटाचे पैसे देऊन टाकतो. त्या मास्तरांच्या पुण्याईवर आपण जगतो, हे लक्षात ठेवून वागायचं.

आता पहिली गोष्ट, म्हणजे सध्याची परिस्थिती. २०२० च्या नोव्हेंबरपासून दोन वर्षं टिग्राय भागात युद्ध झालं आणि २०२३ पासून अम्हारा प्रदेशातही लढाई सुरू झाली. मी राहिले ते दिवस वेगळे होते. नेमणूक कुठल्या शहरात आहे ते बघून, भारतीय दूतावासाच्या सूचना वाचून आणि तिथे आत्ता राहणाऱ्या एखाद्या भारतीयाशी फोनवर बोलूनच होकार द्या.

जायच्या आधीची कागदपत्रं

यावर फार लिहीत नाही, कारण नियम बदलतात. माझ्या वेळी पदवीची प्रमाणपत्रं आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी दिल्लीतल्या इथिओपियाच्या दूतावासातून साक्षांकित करून घ्यावी लागली. यात दीड महिना गेला. मूळ प्रमाणपत्रावर शिक्के बसतात, म्हणून आधी रंगीत प्रती काढून ठेवा. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवायचं. जाताना नाही विचारलं तरी परतताना मुंबई विमानतळावर हमखास विचारतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

करारात तीन गोष्टी लेखी मागा. पगार डॉलरमध्ये सांगितला असेल तर हातात डॉलर पडणार की बिर, म्हणजे तिथलं चलन. बिर असेल तर त्यातला किती भाग डॉलर करून भारतात पाठवता येईल. आणि घर विद्यापीठ देणार की घरभाडं. तोंडी सगळे "इशी" म्हणतात. "इशी" म्हणजे "बरं". त्याच्यापुढे "नेगे" जोडलं की "बरं, उद्या". इशी-नेगे हे जोडपं तुमच्या आयुष्यात दोन वर्षं राहणार आहे. माझा पहिला पगार तिसऱ्या महिन्यात झाला. तीन महिने काढता येतील एवढे डॉलर सोबत न्या.

नावाचा घोळही इथेच सांगते. इथिओपियात आडनाव नसतं. तिगिस्त अलेमू या मुलीचं नाव तिगिस्त आणि अलेमू हे तिच्या वडिलांचं नाव. फॉर्ममध्ये स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं असे तीन रकाने. लग्न झालं म्हणून बाई नाव बदलत नाही. आता आपल्या बायकांचं काय होतं? माझ्या पासपोर्टवर माझं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. तिथल्या कारकुनाने मन लावून भरलं : वडिलांच्या जागी नवरा, आजोबांच्या जागी आडनाव. ओळखपत्र हातात आलं तेव्हा मी आमच्या ह्यांची कन्या झाले होते. फोनवर सांगितल्यावर हे म्हणाले, "मग आता ऐकत जा." पण बँकेचं खातं, निवास परवाना आणि करार, तिन्हीकडे नाव एकाच क्रमाने लिहिलंय ना, हे जागेवरच तपासा. नंतर दुरुस्तीला इशी-नेगे लागतं. वर्गातही विद्यार्थ्याला पहिल्या नावानेच हाक मारायची. अलेमू म्हणून हाक मारलीत तर तुम्ही तिच्या बापाला बोलावताय. तुम्हालाही ते पहिल्याच नावाने बोलावतील, पुढे "डॉक्टर" लावून, किंवा नुसतं "टीचर".

वर्गातले पहिले दोन आठवडे

सत्राची जी तारीख छापलेली असेल त्या दिवशी वर्ग रिकामा असतो. लांबलांबच्या गावांहून मुलं येतात, वसतिगृहाची खोली मिळवतात, नोंदणी करतात. सप्टेंबरअखेरीस मेस्केल हा सण असतो, मोठी होळी पेटवतात. तो झाल्यावरच पुष्कळांचे पाय निघतात. या रिकाम्या दिवसांत मी एक काम केलं आणि तुम्हीही करा : फिदेल शिका. फिदेल म्हणजे अम्हारिकची लिपी. बघताना चित्रासारखी वाटते, पण रचना चक्क बाराखडीची आहे. ३३ मुळाक्षरं, प्रत्येकाची सात रूपं. ह, हु, ही, हा, हे असं चालतं. मूळ अक्षराला कुठे पाय फुटतो, कुठे बाजूला शेंडी येते. रोमन लिपीतून येणाऱ्या युरोपियन शिक्षकांना ती जड जाते. बाराखडी घोकलेल्या माणसाला तीन आठवडे पुरेत. हजेरीपटावर मुलांची नावं मी फिदेलमध्ये लिहिली. पहिल्या दिवशी ती वाचून दाखवल्यावर मागच्या बाकांवर जी खसखस पिकली, तेवढ्यावर अर्धं सत्र निभावलं.

उरलेलं अर्धं मात्र माझ्या उच्चारांनी खाल्लं.

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सविस्तर सांगते. आपल्याला वाटतं आपलं इंग्रजी चांगलं आहे. व्याकरण पक्कं असतं, शब्द भरपूर असतात. पण आपण भरधाव बोलतो आणि ट, ड मराठीतले वापरतो. आपला "थ" हा इंग्रजीतला, जिभेचं टोक दातांत धरून काढलेला ध्वनी नव्हेच. तो "त" आणि "ह" एकत्र केलेला आहे. मी श्रुतलेखनात "थिन" म्हटलं. अर्ध्या वर्गाने "टिन" लिहिलं. उरलेल्यांनी "सिन" लिहिलं, कारण त्यांच्या तोंडी तो "स" होतो आणि ते "सँक यू" म्हणतात. दोघंही चुकलो होतो आणि गुण फक्त त्यांचे गेले असते. मी ते श्रुतलेखन रद्द केलं. तिसऱ्या आठवड्यात वर्गप्रतिनिधीने खाली मान घालून सांगितलं की मुलांना तुमचं बोलणं कळत नाही. मागच्या भारतीय सरांचंही कळत नव्हतं, पण त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्या रात्री मी मोबाइलवर स्वतःचा तास रेकॉर्ड करून ऐकला. लाज वाटली. पण इलाज साधा निघाला. वेग निम्मा करायचा. एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची. नवा शब्द तोंडाने म्हणायच्या आधी फळ्यावर लिहायचा. व्ही आणि डब्ल्यू यांचे ओठ वेगळे करून दाखवायचे, कारण आपल्याकडे दोन्हीला एकच "व" आहे. आणि आपलं घरगुती इंग्रजी बाजूला ठेवायचं. मी वर्गात सांगितलं होतं की मी अमुक साली कॉलेजातून "पास आउट" झाले. बाहेरच्या इंग्रजीत त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं; मुलींनी तास संपल्यावर तब्येतीची चौकशी केली. "प्रीपोन", "कझिन ब्रदर", "डू द नीडफुल" हे सगळं मुंबई विमानतळावर सोडून जायचं. गोऱ्या माणसासारखं बोलायला मात्र जाऊ नका. ते कुणाला जमत नाही आणि मुलांना लगेच हसू येतं.

"समजलं का?" असं विचारू नका. विचारलं की मुलं ओठ किंचित उघडून श्वास आत ओढतात, एखादा दचकल्यावर ओढतो तसा. पहिल्यांदा मला वाटलं माझ्या मागे पाल पडली. तो त्यांचा "हो" आहे. आणि शिक्षकाला "नाही" म्हणणं उद्धटपणाचं, म्हणून सगळा वर्ग "हो" म्हणतो. त्याऐवजी काहीतरी करायला लावा : शेजाऱ्याला सांग, चित्र काढ, उदाहरण लिही.

अम्हारिकमध्ये "मला समजलं" याला "गब्बान्य" म्हणतात. शब्दशः अर्थ, "माझ्यात शिरलं." आपल्या डोक्यात शिरतं, तसंच. भुकेलाही त्यांच्यात "मी भुकेला आहे" असं नाही. भूक माणसाला होते, आपल्याला लागते तशी. क्रियापदही आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे त्यांच्या इंग्रजी वाक्यांत कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये सगळं गाठोडं बांधून ठेवलेलं दिसलं, तर ते गाठोडं तुमच्या ओळखीचं आहे; पाचवीत तुम्हीही ते बांधलं होतं. मी दोन वाक्यं एकाखाली एक लिहायचे, वरचं अम्हारिक, खालचं इंग्रजी, आणि क्रियापदापासून क्रियापदापर्यंत बाण काढायचे. काना-मात्रा चुकायच्या, मुलं आनंदाने दुरुस्त करायची. शिक्षिकेच्या चुका काढायला मिळतात म्हटल्यावर गप्प मुलंही बोलती होतात.

पण सावधान : समोरच्या सगळ्यांची मातृभाषा अम्हारिक नसते. कुणी ओरोमो बोलतं, कुणी टिग्रिन्या, कुणी आणखी काही. ओरोमो तर रोमन लिपीत लिहितात. भाषेचा प्रश्न तिथे राजकारणाचा प्रश्न आहे. "तू कुठल्या समाजाचा?" असं वर्गात कधीही विचारू नका. मी पहिल्या सत्रात ओळख करून देण्याच्या खेळात विचारलं, आणि वर्ग असा थिजला की तो खेळ मी पुन्हा काढला नाही.

काय शिकवायचं, कशावर लिहायला लावायचं

पहिल्या वर्षाच्या मुलांना संवादकौशल्य आणि लेखनकौशल्य असे विषय असतात. तिथे बहुतेक ठिकाणी नववीपासून सगळे विषय इंग्रजीत शिकवतात, म्हणजे कागदावर मुलं चार वर्षं इंग्रजीतून शिकून आलेली असतात. प्रत्यक्षात उदगीरच्या माझ्या अकरावीच्या वर्गासारखं. पाठ्यपुस्तक इंग्रजी, स्पष्टीकरण घरच्या भाषेत. एका वर्गात पन्नास-साठ मुलं. प्रकल्पाचे कागद इंटरनेटवरून जसेच्या तसे उतरवलेले. एकाने तर खालची जाहिरातही उतरवली होती.

मी सोबत नेलेल्या पुस्तकात निबंधाचा विषय होता, "समुद्रकिनारी एक दिवस". एरिट्रिया १९९३ साली वेगळा झाल्यापासून इथिओपियाला समुद्रच नाही. साठांतल्या एकानेही समुद्र पाहिला नव्हता. मग मी त्यांना सांगितलं की मीही पहिल्यांदा पाहिला तो चोविसाव्या वर्षी, मुंबईला मुलाखतीला गेले तेव्हा. आणि एबीसीडी पाचवीत शिकले. आणि बीएच्या पहिल्या वर्षाला इंग्रजीत एकही वाक्य बोलू शकत नव्हते. पुस्तक बंद केलं. फळ्यावर लिहिलं : "तुमच्या घरी कॉफी कशी करतात?"

प्रक्रिया समजावणारा परिच्छेद शिकवायला याहून चांगला विषय मिळणार नाही. हिरव्या बिया धुवायच्या, तव्यावर भाजायच्या, भाजल्याचा धूर पाहुण्यांना हुंगवायचा, उखळात कुटायच्या, जबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळायच्या. आधी, मग, त्यानंतर, शेवटी, हे सगळे जोडशब्द आपोआप येतात. मुलींना हे इत्थंभूत माहीत असतं आणि मुलांना नसतं. एरवी मागे बसून ओठ न उघडणाऱ्या मुली त्या तासाला उठून मुलांची वाक्यं दुरुस्त करत होत्या. पुढच्या आठवड्यात टेफ हे तिथलं बारीक धान्य कसं पेरतात, त्यानंतर टिम्कतच्या सणाला गोंदरला फासिलिदसच्या तळ्यात लोक उड्या कशा मारतात. तुमच्याकडचं काही सांगायचं असेल तर शेवटी सांगा, थोडंच.

मुलांचे पाच-पाचचे गट आधीच पडलेले असतात, एक हुशार आणि त्याच्या मागे इतर. गटाला एकच काम दिलं तर हुशार मुलगा लिहितो आणि बाकीचे सही करतात. मी परिच्छेदाच्या पाच चिठ्ठ्या करून प्रत्येकाला एक द्यायचे. एकमेकांना वाचून दाखवल्याशिवाय क्रम लागणं शक्य नाही, चिठ्ठी दाखवायची नाही. गोंगाट होतो. होऊ द्या.

गुणांसाठी रडारड होते. "टीचर, प्लीज हेल्प मी" म्हणत दारात उभे राहतात आणि मागे लागायची त्यांची चिकाटी आपल्याकडच्या मुलांहून जास्त. छोट्या चाचण्यांचे गुण दर पंधरवड्याला दारावर लावून टाका. शेवटी कुणाला धक्का बसत नाही. एका सत्रात मला वरून सुचवण्यात आलं की एवढे नापास बरे दिसत नाहीत. मी उत्तरपत्रिका समोर ठेवल्या आणि फेरपरीक्षा घेतली. दुसरा मार्ग मला सापडला नाही.

इंटरनेटवर उभा केलेला तास करू नका. "मब्रात येल्लेम" म्हणजे वीज नाही, हे वाक्य तुम्ही पहिल्या आठवड्यातच पाठ कराल. २०१६ च्या ऑक्टोबरात देशात आणीबाणी लागू झाली आणि मोबाइलवरचं इंटरनेट बंद पडलं. घरी आई रोज व्हिडिओवर दिसायची, ती एकदम दिसेनाशी झाली. नंतर कधीतरी साधा फोन लागला तेव्हा ती आधी रडली आणि मग जेवलीस का विचारलं. घरच्यांना शेजाऱ्याचा साधा फोन नंबर आधीच देऊन ठेवा, आणि "दोन-चार दिवस फोन आला नाही तर घाबरू नका" हेही.

पोटापाण्याचं

इथे मराठी माणसाला रडायचं कारण नाही. इंजेरा म्हणजे टेफच्या पिठाची आंबवलेली, जाळीदार, मोठ्या ताटाएवढी आंबोळी. आंबट लागते, आठवडाभरात जीभ रुळते. शिरो म्हणजे पिठलं. खरोखर पिठलं, फक्त बेरबेरे नावाच्या तिखटाने लाल केलेलं. मसुरीला ते "मिसिर" म्हणतात. हळद "इर्द", मेथी "अबिश", ओवा "नेच अझमुद". ही नावं फिदेलमध्ये चिठ्ठीवर लिहून शनिवारच्या बाजारात गेलं की भाव परदेशी माणसाचा लागत नाही; निदान दुपटीवरून दीडपटीवर येतो.

शाकाहारी असाल तर "सिगा अल्बेलाम", म्हणजे "मी मांस खात नाही", एवढं पाठ करा, आणि हॉटेलात "येत्सोम" मागा. त्सोम म्हणजे उपास. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, त्यात मांस, अंडं, दूध, तूप काहीच चालत नाही. ईस्टरच्या आधी हा उपास सलग ५५ दिवस चालतो. तेव्हा गावातली प्रत्येक खानावळ आपल्यासाठीच उघडल्यासारखी वाटते : एका इंजेरावर डाळी, पालेभाजी, बटाटा, बीट यांचे सात-आठ ढीग. उलट ईस्टरनंतरचे ५० दिवस उपास नसतोच. त्या दिवसांत शिरोमध्येसुद्धा तूप असतं आणि खानावळवाला "आज कशाला त्सोम?" म्हणून तुमच्याकडे संशयाने बघतो. त्या काळासाठी घरात डाळ भरून ठेवा.

डाळ शिजवायला कुकर इथूनच न्या, जादा रबर आणि शिट्टीसकट. आमचं गाव जवळपास अडीच हजार मीटरवर होतं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर; म्हणजे तिथल्या बाजारपेठेत उभं राहून कळसूबाईकडे खाली बघायचं. एवढ्या उंचीवर पाणी ९१-९२ अंशांनाच उकळतं, पातेल्यात तूरडाळ शिजतच नाही. पहिले दोन आठवडे जिना चढताना धाप लागते, रात्री झोप तुटते. घाबरू नका, पाणी भरपूर प्या, उकळलेलंच. गॅबी नावाची जाड सुती चादर मिळते, ती पहिल्याच आठवड्यात घ्या. मी लातूरच्या उन्हातली. जुलै-ऑगस्टच्या पावसात मी ती पांघरून पेपर तपासायचे.

आणि ज्वारी. "माशिल्ला" म्हणतात. चौथ्या महिन्यात बाजारात पोत्यात दिसली तेव्हा मी मूठभर उचलून तशीच उभी राहिले. विकणाऱ्या बाईने विचारलं, काय झालं? ज्वारी मुळात आफ्रिकेच्या याच टापूतली, तिथूनच आपल्याकडे आली. दोन किलो घेतली, गिरणीत दळून आणली. "वफचो" म्हणजे गिरणी. तिथेही पिठाने पांढरा झालेला माणूस असतो आणि तिथेही तो आधीच्या दळणाचं पीठ आपल्यात मिसळतो. शेजारच्या बाईंच्या मातीच्या मिताद तव्यावर भाकरी थापली. त्या बघायला बसल्या होत्या. भाकरी फुगल्यावर त्यांनी तो श्वास आत ओढला.

त्या शेजारीण बाईंमुळेच मी सहा वर्षं टिकले, म्हणून बुन्नाबद्दल शेवटचं सांगते. बुन्ना म्हणजे कॉफी. बोलावणं आलं की जायचं आणि घड्याळ, कुठलंही असो, घरी ठेवायचं. तीन फेऱ्या असतात : अबोल, तोना, बरका. पहिला कप घेऊन "निघते, पेपर तपासायचेत" म्हणून उठले होते. बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं की काहीतरी मोडलं. तिसरा कप आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय उठायचं नाही. तास-दीड तास जातो. त्या दीड तासात पाणी कुठल्या दिवशी येणार, कुठला बजाजवाला प्रामाणिक आहे, विभागात माझ्याबद्दल काय बोलतात, हे सगळं कळतं. हो, बजाज : रिक्षाला तिथे बजाजच म्हणतात. पुण्याच्या कंपनीचं नाव आहे म्हटलं तर रिक्षावाल्यांना खरं वाटत नाही, तो त्यांना अम्हारिक शब्द वाटतो. जेवताना कुणी घास तुमच्या तोंडात भरवला तर तो गुर्शा. नको म्हणू नका. घासात काय आहे ते मात्र तोंड उघडायच्या आधी विचारा. मी एकदा उशिरा विचारलं.

परत येताना

निघायच्या दोन महिने आधी कामाला लागा. ग्रंथालय, भांडार, वसाहत, लेखा विभाग अशा पंधरा-सोळा सह्यांचा एक कागद फिरवावा लागतो. त्यातला एक तरी सही करणारा नेमका राजधानीला, अदिस अबाबाला गेलेला असतो. कुकर मी शेजारीणबाईंना दिला, रबर कसं बदलायचं ते दाखवून.

अनुभवाचं प्रमाणपत्र हातात घेतल्यावर त्याच टेबलासमोर उभं राहून तारखा वाचा. इथिओपियाचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं, त्यात तेरा महिने असतात आणि ते आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. माझ्या प्रमाणपत्रावर, त्यांच्या हिशोबाने अगदी बरोबर, लिहिलं होतं की बाईंनी इथे २००४ ते २००९ शिकवलं. परत आल्यावर एका मुलाखतीत समोरच्यांनी माझ्या पीएचडीचं २०१० हे साल बघितलं, मग ते प्रमाणपत्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दोन्ही पंचांगांच्या तारखा मागून घ्या, शिक्क्यासकट.